घोडबंदरची मेट्रो आणि राज्याच्या डोक्यावरचे कर्ज

ठाण्याला, वर्तकनगरच्या घरी फोन केला की घरच्यांची खुशाली झाल्यावर बोलणे हल्ली हमखास राज्याच्या कर्जावर येते. मार्च 2025 मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पानुसार 2025-26 अखेर महाराष्ट्रावरचे कर्ज 9.32 लाख कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता. हा आकडा लोकसंख्येने भागून दादा सांगतो की, माणशी 70 हजारांच्या वर कर्ज झाले आणि राज्य दिवाळखोरीच्या वाटेवर आहे. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचे म्हणणे नेमके उलट असते. जपानचे सरकारी कर्ज त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे आणि तरीही तिथे आकाश कोसळलेले नाही, मग आपण एवढे का घाबरायचे? मी जर्मनीत, डॉर्टमुंडला राहतो. कर्जाची धास्ती घेतलेले सरकार कसे वागते आणि त्याची किंमत कोण मोजतो हे इथे रोज दिसते, आणि म्हणूनच दादा आणि काका या दोघांचेही उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

कर्ज दीर्घकाळ पेलेल की नाही, हे त्याच्या रकमेवरून ठरत नाही. सरकार काही निवृत्त होत नाही, त्यामुळे त्याला सगळे कर्ज एके दिवशी फेडून मोकळे व्हावे लागत नाही. मुदत संपलेल्या रोख्यांच्या, म्हणजे व्याज देण्याच्या बोलीवर विकलेल्या कर्जपत्रांच्या, जागी ते नवे रोखे विकते. प्रश्न एवढाच असतो की, कर्ज अधिक वेगाने वाढते की ज्या उत्पन्नातून कर गोळा होतो ते उत्पन्न. समजा राज्याचे उत्पन्न 500 आणि कर्ज 100 आहे, म्हणजे प्रमाण 20 टक्के. व्याज 7 टक्के असेल आणि व्याज सोडून बाकीचा सगळा खर्च करांतून भागत असेल, तर वर्षभराने कर्ज 107 होईल. त्याच वर्षी उत्पन्न महागाईसह 10 टक्क्यांनी वाढून 550 झाले, तर प्रमाण साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास राहील, म्हणजे कर्ज वाढूनही ओझे हलके झाले. उत्पन्न 6 टक्क्यांनीच वाढले, तर मात्र कोणतीही उधळपट्टी न करता ओझे वाढत जाईल. जर्मनीचे कर्ज 2010 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 80 टक्क्यांच्या वर होते आणि 2019 मध्ये ते 60 टक्क्यांच्या खाली आले. त्यात काटकसरीचा वाटा होताच, पण नगण्य व्याजदर आणि सलग वाढणारी अर्थव्यवस्था यांचाही मोठा हात होता.

या मोजमापाने महाराष्ट्राची प्रकृती आज बरी आहे. 2025-26 च्या अंदाजानुसार राज्याचे कर्ज स्थूल उत्पन्नाच्या सुमारे 19 टक्के येते आणि महसुलाच्या दर शंभर रुपयांतले अकरा-बारा रुपये व्याजात जातात. पंजाबचे कर्ज त्याच्या उत्पन्नाच्या 40 टक्क्यांहून अधिक आहे. केंद्राला तर 2025-26 च्या अंदाजानुसार दर शंभर रुपये महसुलातले सुमारे 37 रुपये व्याजापोटी बाजूला काढावे लागतात. तेव्हा दिवाळखोरी हा शब्द महाराष्ट्राला आज तरी लागू पडत नाही, आणि माणशी 70 हजारांच्या आकड्याने भीती वाढते, समज वाढत नाही.

काकांचा जपानचा दाखला मात्र अधिक फसवा आहे. जपानचे कर्ज त्याच्याच चलनात आहे, बहुतांश त्याच्याच नागरिकांकडून आणि संस्थांकडून घेतलेले आहे आणि त्यातले निम्म्याच्या आसपास रोखे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडेच आहेत. महाराष्ट्राकडे स्वतःचे चलन नाही, स्वतःची मध्यवर्ती बँक नाही, आणि केंद्राचे कर्ज डोक्यावर असेल तर संविधानाच्या अनुच्छेद 293 नुसार नवे कर्ज उभारायला केंद्राची संमती लागते. राज्यांच्या रोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक साधारणपणे दर मंगळवारी करते. त्या लिलावात सुस्थितीतल्या आणि अडचणीतल्या राज्यांच्या व्याजदरांत फारच थोडा फरक दिसतो, कारण कोणत्याही राज्याला केंद्र बुडू देणार नाही असे सगळेच धरून चालतात. याचा अर्थ राज्य चुकत असेल तर बाजार वेळेवर इशारा देईल या भरवशावर राहता येत नाही. ग्रीसच्या बाबतीत हेच झाले. 2008 पूर्वी ग्रीस आणि जर्मनी जवळजवळ एकाच व्याजदराने कर्ज काढत होते, आणि बाजाराला जाग आली तेव्हा ग्रीसच्या हातात सावरायला वेळच उरला नव्हता.

दादाला मात्र मी इथली दुसरी बाजू सांगतो. जर्मनीने 2009 मध्ये राज्यघटनेतच कर्जावर लगाम घातला. केंद्र सरकारची संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा तात्पुरता परिणाम वगळून उरणारी तूट, राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.35 टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा तो नियम होता, आणि 2014 ते 2019 या काळात सरकारने नवे कर्ज न काढण्याचा अभिमान मिरवला. त्याच काळात पूल मात्र म्हातारे होत गेले. डॉर्टमुंडच्या दक्षिणेला ल्युडेनशाइड गावाजवळ महामार्गावरचा राहमेडेचा पूल डिसेंबर 2021 मध्ये वाहतुकीला धोकादायक ठरून एकाएकी बंद झाला आणि मे 2023 मध्ये तो सुरुंग लावून पाडावा लागला. दरम्यान मालवाहू ट्रकांच्या रांगा गावातल्या रस्त्यांवरून जात राहिल्या. तिथून कामाला येणारा माझा एक सहकारी सांगायचा की, रात्री खिडकीच्या काचा थरथरतात आणि झोप लागत नाही. कारखान्यांना माल पोहोचवणे महाग झाले, काही माणसांनी रोजच्या खोळंब्याला कंटाळून नोकऱ्या बदलल्या. सप्टेंबर 2024 मध्ये ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग नदीत कोसळला. हा सगळा खर्च सरकारच्या कर्जाच्या तक्त्यात कुठेच दिसत नव्हता, पण तो देणे होतेच. अखेर मार्च 2025 मध्ये जर्मनीने घटना बदलली आणि पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंचा वेगळा निधी मंजूर केला. आता इथल्या अर्थतज्ज्ञांची तक्रार आहे की, नेहमीच्या अर्थसंकल्पातली कामे या निधीत ढकलून मोकळी झालेली रक्कम चालू खर्चाला वापरली जात आहे.

म्हणूनच ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब पाहून मला कर्जाची भीती वाटत नाही. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो 4 साठी केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी विकास बँकेने 54.5 कोटी युरोंचे कर्ज देऊ केले. कापूरबावडी ते पातलीपाड्याच्या दरम्यान सकाळी अडकलेल्या बसमध्ये उभ्या माणसाचा रोज जो वेळ वाया जातो, तो वाचला तर त्याचे उत्पन्न वाढेल आणि त्यातून व्याजही फिटेल. अट एकच, काम वेळेत पूर्ण व्हावे. इतकी वर्षे रस्ता अरुंद करून ठेवलेल्या कामाचा उत्पन्नावर उलटाच परिणाम होतो, आणि 2019 मध्ये 80 रुपयांच्या आसपास असलेला युरो 2025 मध्ये 100 रुपयांच्या पुढे गेल्यामुळे परतफेडीचा भारही वाढतो. तो भार शेवटी आपल्याच तिजोरीवर येतो.

माझी खरी काळजी दुसरीकडे आहे. राज्याच्या त्याच 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला महसूल जेवढा कमी पडतो ती रक्कम, 45,891 कोटी रुपये आणि राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात एकूण उसनी घ्यावी लागणारी रक्कम, 1,36,235 कोटी रुपये दाखवली होती. म्हणजे वर्षभरात जी रक्कम उसनी घ्यायची, तिच्यातल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे 34 रुपये पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चात जाणार. यावर घरी लगेच लाडकी बहीण योजनेचे नाव निघते. त्या योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद होती. ती सबंध रद्द केली असती तरी जवळपास दहा हजार कोटींची महसुली तूट उरलीच असती, त्यामुळे सगळे खापर तिच्यावर फोडणे न्यायाचे नाही. कळव्याच्या चाळीत राहणाऱ्या बाईला महिन्याला 1,500 रुपये म्हणजे मुलाच्या शिकवणीचे पैसे असतात आणि ते तिला मिळावेत असे मला मनापासून वाटते. पण ते आजच्या करांतून मिळावेत. कर वाढवायचा की दुसरा खर्च कमी करायचा हे सांगण्याचे धैर्य नसले की कर्ज काढले जाते, आणि त्या कर्जाचे व्याज पुढे याच बाईचा मुलगा भरणार असतो.

शिवाय जे कर्ज म्हणून नोंदले जाते तेवढेच देणे नसते. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि सिडकोसारख्या सरकारी संस्थांनी उभारलेली कर्जे, सरकारने दिलेल्या हमी, कंत्राटदारांची थकलेली बिले आणि पुढच्या निवृत्तिवेतनाचा बोजा या गोष्टी 9.32 लाख कोटींच्या आकड्यात एकत्र दिसत नाहीत. जर्मनीचे अर्थ मंत्रालय प्रत्येक संसदीय कार्यकाळात एकदा सरकारी वित्ताच्या दीर्घकालीन टिकाऊपणाचा अहवाल काढते. 2024 च्या अहवालाने 2070 पर्यंतचा हिशेब मांडला होता. धोरणे आहेत तशीच राहिली आणि गृहीतके प्रतिकूल निघाली, तर वृद्धांच्या वाढत्या संख्येमुळे कर्ज उत्पन्नाच्या 300 टक्क्यांच्या वर जाईल, असे सरकारनेच त्यात लिहून दिले. आपल्याकडे महालेखापरीक्षकांचा राज्याच्या वित्तावरचा अहवाल येतो आणि तो उपयुक्तही असतो, पण तो झालेल्या वर्षांबद्दल बोलतो. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलांची संख्या, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 1.7 वर आला होता, म्हणजे कर भरणाऱ्या तरुणांच्या मागे निवृत्तांची संख्या इथेही वाढणार आहे. विधिमंडळाने अर्थसंकल्पासोबत निदान पुढच्या 25 वर्षांचा असा हिशेब मागावा, त्यात मेट्रो आणि ठाणे-बोरिवली भुयारी मार्गासारख्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचे परतफेडीचे वेळापत्रक असावे, हमी आणि थकलेली बिले एकाच तक्त्यात यावीत, आणि वाढीचा दर दोन टक्क्यांनी कमी धरला तर काय होते हेही त्याच पानावर छापले जावे.