संकल्पना सांगा, बाकी काही सांगू नका

पोकेमॉनच्या लढाईसाठी हौशी खेळाडूंनीच एक नवा जीव घडवायचा, असा खटाटोप स्मोगॉन या पोकेमॉन-लढाईच्या वेबसाइटवर २००७ पासून चालू आहे. 'क्रिएट-अ-पोकेमॉन' म्हणतात त्याला. टाइप (आग, पाणी अशी जात), अ‍ॅबिलिटी (अंगचा खास गुण), स्टॅट्स (ताकद, वेग वगैरेंचे आकडे), मूव्ह्ज (डावपेच), चित्र, सगळं चर्चा करून, मतं घेऊन ठरतं. पण त्याआधी लागते संकल्पना. माझं घोडं तिथेच पेंड खातं.

कारण संकल्पनेत टाइप सांगायचा नाही, अ‍ॅबिलिटी सांगायची नाही, आकडे नाहीत, दिसतो कसा हेही नाही. लढाईत त्याचं काम काय, एवढंच लिहायचं. नाव, चेहरा आणि धंदा न सांगता एखाद्या माणसाची ओळख करून द्यावी, तसं हे. माझ्या डोक्यात तर आधी जीवच उभा राहतो: शेपटीला ज्वाळा, पाठीवर काटे, नजरेत खुन्नस. नियमाप्रमाणे एकेक खोडत गेलं की खाली उरतं, 'जोरात मारतो.'

बरं, जरा डोकं चालवून काही काढावं तर माझा एक मित्र आहे. त्याला सगळा पोकेडेक्स, म्हणजे झाडून सगळ्या पोकेमॉनची यादी, पाठ.

"प्रचंड ताकदवान, पण ताकद वापरायला वेळ लागतो," मी म्हणालो.

"रेजिगिगास. स्टॅट्सची बेरीज ६७०. पहिले पाच टर्न हल्ला आणि वेग निम्मा. पाच टर्न जगला तर बघू."

"मग ताकदवान, पण आळशी?"

"स्लेकिंग. बेरीज तीच, ६७०. एक टर्न मारतो, एक टर्न लोळतो."

"जवळजवळ कशानेच मरत नाही, पण एका धक्क्यात मरतो!" हे सांगताना माझा आवाज चढला होता. इतकं परस्परविरोधी काही अस्तित्वात असणं शक्यच नव्हतं.

"शेडिन्जा," तो जांभई देत म्हणाला. "एचपी, म्हणजे प्राणच, १. त्याच्या टाइपला भारी पडणारा सोडून कुठला हल्ला लागत नाही. आणि समोरच्याने स्टेल्थ रॉक, म्हणजे उतरणाऱ्याला टोचणारे दगड, पसरले असतील तर मैदानात पाऊल टाकताच गार."

अशा मित्राला शत्रू लागत नाहीत.

खरा जळफळाट होतो तो आधीच्या निवडी बघून. टोमोहॉक नावाच्या जीवाची संकल्पना होती 'मोमेंटम'. डावाची सूत्रं आपल्याकडे खेचायची आणि सोडायची नाहीत. बस. वाचलं की वाटतं, यात काय मोठं, हे मलाही सुचलं असतं. न सुचलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींबद्दल मला हेच वाटतं.

आणि नुसती संकल्पना लिहून सुटका नाही. ती का हवी याचं समर्थन द्यायचं, शिवाय तिच्यातून खेळाबद्दल कोणत्या प्रश्नांची उत्तरं मिळतील तेही लिहायचं. 'भारी वाटेल म्हणून' हे समर्थनात बसत नाही, हे मी विचारून घेतलंय. प्रश्न मात्र मला भराभर सुचतात. संकल्पना दीड ओळ, प्रश्न पानभर. नमनालाच घडाभर तेल.

शेवटी एका रात्री सापडलं! डाव सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना एकमेकांचे सहाही जीव दिसतात. तर असा जीव, जो त्या सहांत नुसता दिसला तरी समोरच्याचे बेत बदलतात. त्याने मैदानात उतरायचीही गरज नाही. दहशतीवरच काम. टाइप नाही, आकडे नाहीत, शेपूटसुद्धा नाही. मी घाईघाईने मित्राला फोन लावला.

तो बराच वेळ गप्प. पोकेडेक्स चाळला जात असणार. मी श्वास रोखून.

"असा कोणी नाही," तो म्हणाला.

"बघ!"

"पण मैदानात उतरायचंच नसेल तर बाकीच्या टप्प्यांत लोकांनी चर्चा कशावर करायची? मूव्ह्ज कुठल्या द्यायच्या यावर लोक आठवडाभर भांडतात. तू त्यांचं भांडणच काढून घेतोयस. एक मत पडणार नाही तुला."

मी समर्थनाच्या रकान्यात 'भांडणं वाचतील' असं लिहिलं, आणि खोडलं.