ब्लॅकबर्नचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी जे कालनिर्णय लटकतं, त्यावर घरातल्या सगळ्यांचा हक्क आहे. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, सगळं तिथेच. मावशी कामाला आल्या नाहीत की बायको त्या तारखेच्या चौकोनात एक फुली मारते. ऑगस्ट २०११पासून त्याच चौकोनांत मीही फुल्या मारायला लागलो. माझ्या फुल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या होत्या. हरले की फुली, जिंकले की गोल, बरोबरी झाली की आडवी रेघ. पेन्सिल एकच, खिळ्याला दोरीने बांधलेली.

पुढे काय घोटाळा झाला असेल, ते संसारी वाचकांनी ओळखलंच असेल.

जगात इतके क्लब असताना ब्लॅकबर्नच का, हा प्रश्न मला बायकोने, भाच्याने आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी वेगवेगळ्या सुरांत विचारून झाला आहे. उत्तर एकच. नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्यातल्या एका कोंबड्यांच्या कंपनीने हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. (कंपनीचं नाव घेत नाही, अंडी अजून तिथलीच आणतो.) प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमधला, क्लब भारतीय मालकाकडे जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते मालक मुंबईचे नाहीत, दिल्लीचे नाहीत, आपल्या पुण्याचे! तोवर माझा फुटबॉल म्हणजे चार वर्षांतून एकदा ब्राझीलच्या बाजूने जागरण. पण आता सोयरीक झाली होती. आपल्या गावच्या माणसांनी तिकडे एवढं मोठं घर केलंय म्हटल्यावर आपण निदान चौकशी तरी करायला नको का?

चौकशी केली. घराणं जुनं निघालं. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं एके काळचं कापडगिरण्यांचं गाव, म्हणजे आपलं इचलकरंजीच, पाऊस जास्त. क्लबचा जन्म १८७५चा. १८८८ साली ज्या बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग काढली, त्यांतला हा एक. १९९५मध्ये तर प्रीमियर लीगचं विजेतेपद. तेही कसं, तर शेवटचा सामना लिव्हरपूलमध्ये हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडलाही जिंकता आलं नाही, म्हणून हे अजिंक्य! हरूनसुद्धा अजिंक्य होणारी माणसं आहेत हे वाचलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिलं वर्ष गडबडीत गेलं. मालक बदलल्यावर महिनाभरात प्रशिक्षक बदलला, सॅम अ‍ॅलरडाइस गेले आणि स्टीव्ह कीन आले. रोनाल्डिन्हो येणार अशा बातम्या आल्या. रोनाल्डिन्हो आला नाही, पण पुढे आमचे खेळाडू मालकांचं चिकन खातानाची जाहिरात मात्र आली. मे २०११मध्ये शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला ३-२ असं हरवून क्लब कसाबसा तरला. मला त्यातलं गांभीर्य कळलंच नव्हतं. मी पेढे आणायला निघालो होतो, तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने मला थांबवलं.

"मामा, वीस टीम असतात. अडतीस मॅच. शेवटच्या तिघांना खालच्या लीगमध्ये ढकलतात. त्याला रेलिगेशन म्हणतात."

"म्हणजे नापास?"

"नापास नाही. वायडी, म्हणजे अख्खं वर्ष वाया. सतरावा आला तर एटीकेटी, काठावर तरला."

भाच्याला या विषयात चांगली गती होती. मी पेढ्यांऐवजी पावशेर बाकरवडी आणली.

आपल्या आयपीएलला ही पद्धत नाही, हे फार बरं आहे. २०१२मध्ये आमच्याच गावचे पुणे वॉरियर्स तिथे सोळापैकी चार सामने जिंकून तळाला राहिले. त्यांना कोणी म्हणालं का, की आता पुढच्या वर्षी तुम्ही रणजीच्या प्लेट गटाशी खेळा? इंग्रज माणूस एरवी सारखा सॉरी म्हणतो, पण अशा बाबतीत अत्यंत निष्ठुर आहे.

तर मोसम २०११-१२. पहिला सामना १३ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या दिवशी. संध्याकाळी साडेसातला नारळीभाताचं ताट मांडीवर घेऊन बसलो आणि घरच्या मैदानावर वुल्व्ह्जकडून १-२ हरलो. श्रावण संपायच्या आत तीन सामने झाले, तीनही फुल्या. तिसऱ्यात, एव्हर्टनविरुद्ध, आम्हाला दोन पेनल्टी मिळाल्या. एक गोलरक्षकाने अडवली, दुसरी खांबाला लागली. मग जादा वेळात एव्हर्टनला एक पेनल्टी मिळाली. ती थेट जाळ्यात गेली.

आई जपमाळ घेऊन शेजारी बसली होती. ती म्हणाली, "श्रावणात कोंबडीचं नाव घेऊन काही करू नये."

मग पितृपक्षात, जेव्हा शहाणा माणूस नवी झाडूसुद्धा विकत घेत नाही, तेव्हा आम्ही आर्सेनलला ४-३ हरवलं! त्यातले दोन गोल आर्सेनलने स्वतःच स्वतःवर मारले होते, पण आलेल्या पाहुण्याने आणलेला खाऊ कोणी मोजून घेत नाही. दसऱ्याच्या सुमारास तर सगळा संघच पुण्यात आला. बालेवाडीला पुणे एफसीबरोबर मैत्रीचा सामना झाला. ब्लॅकबर्न ३-० जिंकलं. एवढा निवांत विजय मला त्या मोसमात दुसरा आठवत नाही. फक्त त्याचे गुण तक्त्यात धरत नाहीत. शिवाय हरलं तेही पुणंच, त्यामुळे कालनिर्णयावर गोल काढावा की फुली, हे ठरेना. शेवटी त्या चौकोनात मी आपट्याचं पान चिकटवलं.

दिवाळी गेली, थंडी पडली. पाच दिवसांवर नाताळ असताना बोल्टनकडून घरच्या मैदानावर हरलो आणि तक्त्यात अगदी तळाला गेलो. तिकडे मैदानात कीन यांनी जावं म्हणून घोषणा चालायच्या. सामना संपला की कीन येऊन शांतपणे बोलायचे आणि त्यांना पराभवातही काहीतरी चांगलं दिसलेलं असायचं. मला त्या माणसाबद्दल हळूहळू आदर वाटायला लागला. एवढी सकारात्मक वृत्ती मी याआधी फक्त विमा एजंटांमध्ये पाहिली होती.

याच काळात माझ्या व्याकरणात फरक पडला. जिंकल्यावर "आपण जिंकलो" आणि हरल्यावर "ते हरले" असं म्हणायची आपली रीत आहे. क्रिकेटमुळे ती हाडीमाशी खिळलेली. पण डिसेंबरात एका सकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणीतरी सहज विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही हरलो." म्हणजे आता सुटका नव्हती.

आणि मग ३१ डिसेंबर. आमचा सामना मँचेस्टर युनायटेडशी, त्यांच्या घरी, आणि त्याच दिवशी त्यांचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा सत्तरावा वाढदिवस. वरच्या मजल्यावरचे काका युनायटेडचे कट्टर. संध्याकाळी सव्वासहाला ते स्वतःची खुर्ची घेऊन खाली आले. खुर्ची घेऊन अशासाठी, की आमच्या सोफ्यावर पाठ दुखते. येताना म्हणाले, "किती गोल खायचे ते ठरवून ठेव." आमच्या याकुबूने दोन मारले. त्यांच्या बर्बाटोव्हनेही दोन मारले. दहा मिनिटं उरली असताना हॅन्ली नावाच्या आमच्या पोराने, पोरगाच तो, डोक्याने तिसरा मारला. ३-२! शेवटच्याने पहिल्या रांगेतल्याला त्याच्याच घरात, त्याच्याच साहेबांच्या वाढदिवशी! काका उठले, खुर्चीची घडी केली आणि "हॅपी न्यू इयर" हे शब्द शिवीसारखे उच्चारून गेले. मी कालनिर्णयावर इतका मोठा गोल काढला की ३० आणि ३१ डिसेंबर दोन्ही त्यात आले. ३० तारखेला मावशी आल्या नव्हत्या. ती फुली गोलाखाली गेली. त्या महिन्यात मावशींचा फायदा झाला, हे इथे नोंदवून ठेवतो.

फेब्रुवारीत आर्सेनलने सप्टेंबरची परतफेड ७-१ अशी केली. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

मात्र त्यानंतर तीन सामने असे जिंकलो, की मी हिशोबाला बसलो. तळाच्या संघाचा पाठीराखा म्हणजे मुळात कारकूनच. जिंकणाऱ्याला फक्त स्वतःचा सामना पाहायचा असतो. आम्हाला स्वतःचा पाहायचा, शिवाय बोल्टनने, विगनने, क्यूपीआरने काय केलं तेही पाहायचं, आणि ज्यांची नावंही नीट घेता येत नाहीत अशा गावांचं वाईट व्हावं म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घालायचं. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मी गोलफरक काढत होतो. पाडव्याला गुढी उभारताना भाच्याला म्हटलं, "यंदा एटीकेटी नक्की." त्याने कडुलिंबाची पानं चावत मान हलवली. होकारार्थी की कडवटपणाने, ते कळलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी बोल्टनकडे हरलो. मग युनायटेडकडे. मग वेस्ट ब्रॉमकडे. मग लिव्हरपूलकडे, तेही जादा वेळात. मग स्वान्सीकडे. सलग पाच. नॉर्विचला हरवून जरा दम घेतला, तोच टॉटेनहॅमकडे हरलो.

३० एप्रिलला बायको कालनिर्णयासमोर उभी राहून मावशींच्या पगाराचा हिशोब करत होती. थोड्या वेळाने आवाज चढले.

"सात खाडे आहेत, मावशी. हे बघा, फुल्या."

"अहो ताई, सात कसे? मी दोनच दिवस आले नव्हते, पुतणीच्या लग्नाला गेले होते."

"२ तारीख, ७ तारीख, १० तारीख…"

मी हॉलमध्ये पेपरात तोंड खुपसून बसलो होतो. २ एप्रिल म्हणजे युनायटेड. ७ म्हणजे वेस्ट ब्रॉम. १० म्हणजे लिव्हरपूल. प्रामाणिक माणसासमोर अशा वेळी एकच रस्ता उरतो, आणि तो मी तब्बल दहा मिनिटांनी धरला. आत जाऊन कबूल केलं, की पाच फुल्या ब्लॅकबर्नच्या आहेत. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना गरज नाही, आणि ज्यांची व्हायची आहेत त्यांना घाबरवायचं नाही. मावशींचे पैसे पूर्ण मिळाले, वर पेन्सिल दोन रंगांची आली. मावशींना निळी, ब्लॅकबर्नला लाल.

निकाल लागला तो ७ मेच्या सोमवारी. समोर विगन, घरचं मैदान, हरलो की गेलो. आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा. घर झोपलेलं, टीव्हीचा आवाज बंद, समोर आमरसाची वाटी. तिकडे पाऊस कोसळत होता. आणि सामना जरा कुठे सुरू होतोय, तोच मैदानात कोंबडी! खरीखुरी, जिवंत. अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेला. मालकांवर चिडलेल्या कोणीतरी सोडलेली. बावीस माणसांच्या मध्ये ती भिजलेली कोंबडी इकडून तिकडे बघत होती. तिला इथे का आणलंय, समोर काय चाललंय, यातलं काही तिला कळत नव्हतं, आणि तरी अंगावर झेंडा होता. मी आमरसाची वाटी खाली ठेवली. सबंध मोसमात मला इतकं जवळचं कोणी वाटलं नव्हतं.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर, विगनच्या अल्काराझचं डोकं, ०-१. संपलं.

सव्वादोनच्या पुढे आई पाणी प्यायला उठली. अंधारात मी नुसता बसलेलो.

"काय रे, कोण गेलं?"

"ब्लॅकबर्न गेलं."

"अरेरे. वय काय होतं?"

"एकशे छत्तीस."

"मग सुटलं बिचारं," असं म्हणून आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि झोपायला गेली.

पुढच्याच रविवारी मोसम संपला. युनायटेड आणि मँचेस्टर सिटी, दोघांचे ८९ गुण झाले आणि गोलफरकावर सिटीने करंडक नेला. म्हणजे युनायटेडला एक, फक्त एक गुण जास्त असता तर करंडक काकांचा होता. काकांनी रात्री जिन्यात मला गाठलं. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकतीस डिसेंबर." आणि वर गेले. आमचे मोसमाचे गुण एकतीस होते, हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही.

मेअखेरीस पुन्हा पगाराचा दिवस. मावशी कालनिर्णयासमोर उभ्या होत्या. निळी फुली एक, लाल फुल्या दोन. दोन रंग आल्यापासून त्यांना आमच्या क्लबमध्ये रस निर्माण झाला होता.

"दादा, वर्षाचे किती झाले हो तुमच्या माणसांचे?"

"तेवीस."

"अगंबाई. आणि मग त्यांचे पैसे कापतात का?"

आता खालच्या लीगमध्ये गेलेल्या क्लबाला पडताना फार लागू नये म्हणून प्रीमियर लीग पुढची काही वर्षं पैसे देत राहते. त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. हे सांगू नये, असं मला आतून वाटत होतं.

"नाही हो मावशी. उलट वरून देतात. करोडोंनी."

मावशींनी हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली,

"ताई, जरा बाहेर येता का? पगाराचं बोलायचं होतं."