पडका वाडा पडकाच बरा

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरून पुन्हा जुंपली आहे. ताराबाईंचा वाडा म्हणून गडावर जे अवशेष दाखवतात, तिथे एका गटाला अख्खा वाडा उभा हवा आहे, जमल्यास लायटिंगसकट. दुसरा गट म्हणतो, दगडाला बोटही लावू नका. आणि दोन्ही गट दाखला देतात तो माझ्या ओस्लोचा, नॉर्वेच्या राजधानीचा: "तिकडं बघा कसं जपलंय!"

जपलंय खरं, पण फार उशिरा. १६२४च्या आगीनंतर राजा चौथ्या ख्रिश्चननं सगळं शहर आकर्सहुस किल्ल्याशेजारी हलवलं. जुन्या गावावर शेती आली, पुढं रेल्वेचे रूळ पडले. इथलं मध्ययुगीन उद्यान झालं ते थेट २००० साली. त्यामुळे 'गोऱ्यांना इतिहासाची किंमत' वगैरे मला सांगू नका.

उद्यानात मेरी चर्चच्या बुटक्या भिंती आहेत, शेजारी राजवाड्याचा पाया. त्यावर कुणी छप्पर चढवलेलं नाही. मला सगळ्यात आवडतं ते तिथलं उथळ तळं. जमीन वर उचलली गेल्यामुळे समुद्र मागे हटला. तो पूर्वी कुठवर यायचा, ते या पाण्याच्या काठावरून कळतं. खोटं काही न बांधता जुनं शहर डोळ्यांपुढं येतं.

अजिंक्यताऱ्यावर आपण जो वाडा बांधू, तो सिनेमाच्या सेटवरून उचललेला असेल, पैज लावतो. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेनं याच गडाला सुरुंग लावले. त्यातल्या एकानं तट ढासळला तो त्यांच्याच माणसांवर. असा तट गुळगुळीत करून पोरांना काय सांगणार?

हात न लावणाऱ्यांचंही मला पटत नाही. पिंपळाचं मूळ जोत्यात शिरलं की ते ठरावाची वाट बघत नाही. नॉर्वेतही पूर्वी पडक्या भिंतींना सिमेंट फासलं गेलं. त्यानं ओल आत कोंडते, थंडीत ती गोठून फुगते आणि दगड फुटतो. मग पुन्हा चुन्याकडं वळावं लागलं. आपल्याकडं बर्फ नाही, पण साताऱ्याचा पाऊस काय कमी आहे? पावसाळ्याआधी झाडोरा काढा, पाण्याला वाट करून द्या, सांधे चुन्यानं भरा. फोटोत यातलं काहीच दिसणार नाही, म्हणून ग्रुपवर याची मागणीही कुणी करत नाही.