‘९९९ टाका आणि मोकळे व्हा’: या संदेशाला उत्तर

कारखान्यात, गोदामात किंवा खाणीत स्वतःचे खासगी ४जी-५जी नेटवर्क उभारणाऱ्यांसाठी ‘मार्गदर्शन’ म्हणून एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. हा संदेश वाचून त्याच्या विभागाने सिमकार्डांची मागणीपत्रे तयारही केली होती. त्यातले दावे थोडक्यात असे: नेटवर्कचा कोड म्हणजे नुसते नाव, कुठलाही घाला, उलट आसपास ज्या मोबाइल कंपनीचा सिग्नल जोरात आहे तिचा कोड घातला तर फोन पटकन पकडतात. दोन नेटवर्कांचा कोड सारखा झाला तरी बिघडत नाही, कारण सिममधली (ओळख पटवणारी गुप्त) चावी वेगळी असते. ९९९-९९ हा आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) दिलेला जगभर एकमेव कोड आहे, तो टाकला की कसलीच परवानगी लागत नाही. ५जीमध्ये एनआयडी (खासगी नेटवर्कचा जादा ओळख क्रमांक) आपला आपण ठरवायचा असतो. आणि ‘खरा’ कोड हवाच असेल तर अमेरिकेतला ३१५-०१० घ्यावा, तो कुठेही चालतो.

यातले एक वाक्य अर्धे खरे आहे, एक बरेचसे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत. आणि पहिले धोकादायक आहे, म्हणून आधी तेच.

नेटवर्कचा कोड, म्हणजे पीएलएमएन, दोन भागांचा असतो: देशाचा तीन अंकी एमसीसी आणि नेटवर्कचा दोन किंवा तीन अंकी एमएनसी. टॉवर हा कोड सतत प्रसारित करत असतो. सिममधल्या पंधरा अंकी आयएमएसआयची, म्हणजे सिमच्या ओळख क्रमांकाची, सुरुवातही याच कोडने होते. फोन चालू झाला की हवेतला कोड आणि सिममधला कोड जुळतो का, हे आधी बघतो. जुळला की त्याच्या लेखी ते घरचे नेटवर्क, आणि तो तिथे नोंदणी मागतो. म्हणजे कोडवरूनच फोन दार ठोठावायचे की नाही ते ठरवतो. त्याला नुसते नाव म्हणणाऱ्याने एकदाही नोंदणीचा ट्रेस उघडून पाहिलेला नाही.

आता तुमच्या शेडमधल्या छोट्या टॉवरवर एखाद्या सार्वजनिक कंपनीचा ४०४ किंवा ४०५ ने (भारताच्या एमसीसीने) सुरू होणारा कोड घातला असे समजा. कारखान्यातल्या कामगारांचे, गेटवर उभ्या ट्रकचालकांचे, शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे त्या कंपनीचे फोन तुमचा टॉवर घरचाच समजून नोंदणी मागतील. तुमच्या एचएसएसमध्ये किंवा यूडीएममध्ये (ग्राहकांच्या नोंदवहीत) त्यांचे आयएमएसआय नाहीत. तुमचा कोअर (नेटवर्कची मध्यवर्ती यंत्रणा) त्यांना नकार पाठवेल आणि खरे नुकसान या नकारातच आहे. ग्राहक अनोळखी असेल तेव्हा साधारणपणे कारण क्रमांक ८ किंवा ३ जातो, ‘सेवा देता येत नाही’ किंवा ‘बेकायदा उपकरण’ अशा अर्थाचा. असा नकार मिळाल्यावर फोन नुसता टॉवर बदलत नाही, तो स्वतःचे सिमच निकामी मानतो. जुन्या हँडसेटमध्ये ही स्थिती फोन बंद करून चालू करेपर्यंत किंवा सिम काढून घालेपर्यंत राहते. मोबाइल मानके ठरवणाऱ्या ३जीपीपीने पुढे यावर उपाय केला: सुरक्षित नसलेल्या संदेशातून असा नकार आला तर फोन ३० ते ६० मिनिटांचा टायमर लावतो आणि मग पुन्हा प्रयत्न करू शकतो. म्हणजे उत्तम परिस्थितीतही अर्धा-एक तास माणसाच्या फोनवर सेवा नाही, आणि ती का नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. त्या वेळेत घरून कुणाच्या आजारपणाचा फोन आला तर तो लागणार नाही. ‘फोन पटकन पकडतात’ याचा अर्थ हा आहे.

शिवाय ४०४ आणि ४०५ खालचे एमएनसी दूरसंचार विभाग परवानाधारकांना देतो. दुसऱ्याला दिलेला कोड हवेत सोडणे म्हणजे त्या कंपनीचा बनावट टॉवर उभा करणे. हेतू चांगला असला तरी फोनला हेतू दिसत नाही.

हीच चूक नकळतही होते. प्रयोगासाठी लोक मुक्त स्रोत कोअर उतरवून घेतात आणि त्यातला मूळ कोड तसाच ठेवतात. फ्री५जीसीमध्ये तो २०८-९३ असतो, आणि २०८ हा फ्रान्सचा एमसीसी आहे. ओपन५जीएसमध्ये ९९९-७०, एसआरएसरॅन ४जीमध्ये ००१-०१. यातला ००१ चाचणीसाठी राखीव आहे. तो बंद पेटीत किंवा केबलवर वापरावा, चालू कारखान्यात नव्हे.

दुसरा दावा: कोड सारखा असला तरी चावी वेगळी असते, म्हणून बिघडत नाही. चावी वेगळी असल्यामुळे शेजारच्याचे उपकरण तुमच्या नेटवर्कात घुसणार नाही, एवढेच यात खरे. पण चावीची पाळी येते ती उपकरणाने दार ठोठावल्यावर, आणि बिघाड तिथेच सुरू होतो. दोन शेजारी कारखाने, दोघांचाही कोड ९९९-७०, अशी स्थिती घ्या. पहिल्याची स्वयंचलित गाडी शेडच्या कडेला गेली, तिला दुसऱ्याचा सिग्नल जोरात मिळाला, कोड जुळला, ती तिकडे गेली. पुढे तीनपैकी एक गोष्ट होते.

तिचा आयएमएसआय तिकडे नसेल तर वर सांगितलेला नकार येतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. आयएमएसआय तिकडेही असेल, आणि दोघांनी ९९९७००००००००००१ पासून ओळीने क्रमांक दिले असतील तर असणारच, तर तिकडचा कोअर स्वतःच्या चावीने आव्हान पाठवतो. सिमला ते पटत नाही, मोडेम ‘मॅक फेल्युअर’ कळवतो, आणि लागोपाठ तसे होत राहिले की तो सेलच काही काळ वर्ज्य धरतो. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: दोघांनी दस्तऐवजात छापलेली नमुन्याची चावीच सिममध्ये भरलेली असते. मग काहीही अडत नाही, गाडी खुशाल शेजारच्याच्या नेटवर्कवर नोंदली जाते. नमुन्याच्या चाव्या चालू यंत्रांत राहतात, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

इथे काही हुशार मंडळी सांगतात की नकाराचे कारण ८ ऐवजी १५ करा. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट. १५ चा अर्थ ‘या ट्रॅकिंग एरियात, म्हणजे टॉवरांच्या या गटात, नको’. उपकरण तो एरिया बंदीच्या यादीत टाकते आणि दुसरा शोधते. यादी फोन बंद केल्यावर, नाहीतर १२ ते २४ तासांनी पुसली जाते. पण ट्रॅकिंग एरियाची ओळख म्हणजे पीएलएमएन अधिक टीएसी, म्हणजे त्या एरियाचा क्रमांक. दोन्ही कारखान्यांत ९९९-७० आणि टीएसी १ असेल (मूळ फाइलमध्ये १ च असतो) तर शेजाऱ्याने दिलेली बंदी तुमच्या स्वतःच्या टॉवरलाही लागू होते. म्हणून आधी टीएसी बदला. ४जीमध्ये त्याला १६ बिट आहेत, ५जीमध्ये २४. एवढ्या जागेत १ च का घ्यायचा?

आता ९९९. इथे संदेशातले अर्धे वाक्य मान्य करावे लागते. एमसीसी ९९९ खासगी नेटवर्कांच्या अंतर्गत वापरासाठी खुला आहे आणि त्याखालचा एमएनसी निवडण्यासाठी आयटीयूला विचारावे लागत नाही, हे खरे. पण ज्या आयटीयूचा हवाला दिला जातो तिनेच ई.२१२ या शिफारशीतल्या कोडांच्या यादीसोबत लिहिलेल्या अटी कुणी वाचलेल्या दिसत नाहीत. तिथे सरळ म्हटले आहे: ९९९ खालचे एमएनसी कुणालाही नेमून दिले जात नाहीत, म्हणून ते जगात एकमेव असतीलच असे नाही, त्यांना अर्थ फक्त त्या नेटवर्कच्या आत, दोन नेटवर्कांमध्ये त्यांच्यावरून मार्ग काढता येत नाही, रोमिंगसाठी ते वापरायचे नाहीत. आणि ९९ किंवा ९९९ हा एमएनसी चाचणीसाठी आणि उदाहरणांसाठी वापरावा, असे तीच टीप सुचवते. म्हणजे संदेशात ‘एकमेव’ म्हणून दिलेला ९९९-९९ हा नेमका तो कोड आहे, जो सगळे जण प्रयोगासाठी वापरणार. याहून वाईट निवड करता आली नसती.

९९९ घेणारच असाल, आणि एका आवारापुरत्या, बाहेर न जाणाऱ्या यंत्रांसाठी तो घ्यायला हरकत नाही, तर ७०, ९९ आणि ९९९ सोडून एमएनसी घ्या. आधी औद्योगिक वसाहतीत स्कॅन करून कोणते कोड हवेत आहेत ते पाहा. आयएमएसआयचे शेवटचे अंक १ पासून न देता मधूनच एखादा गट निवडून द्या. आणि एमएनसी दोन अंकी की तीन अंकी ते सिम छापणाऱ्याला लेखी कळवा. ९९९४१२... हा आयएमएसआय ९९९-४१ चा की ९९९-४१२ चा, हे नुसत्या अंकांवरून ठरत नाही. सिममधल्या ईएफ-एडी फाइलचा चौथा बाइट ते सांगतो, ०२ किंवा ०३. कोअरमध्ये तीन अंकी आणि सिममध्ये ०२ असेल तर उपकरण ते नेटवर्क घरचे मानत नाही आणि नोंदणीच अडू शकते. लोक अँटेना बदलत बसतात, दोष त्या एका बाइटात असतो. दुरुस्ती करतानाही जपून: कार्डाची एडीएम चावी (कार्डातल्या फाइली बदलण्याचा गुप्त क्रमांक) ठराविक वेळा चुकली की कार्ड कायमचे बंद होते. आधीच्या चाचण्यांत बंदीच्या यादीत गेलेले कोड ईएफ-एफपीएलएमएन फाइलमध्ये राहतात, तीही रिकामी करा.

तेच यंत्र आवाराबाहेर सार्वजनिक नेटवर्कवर चालायला हवे असेल तर ९९९ चा उपयोग नाही. तिथे दोन सिम, किंवा मोबाइल कंपनीशी करार करून तिच्याच कोडाखाली वेगळे नेटवर्क, हे मार्ग आहेत.

परवानगी लागत नाही हे तर साफ खोटे. आयटीयूला विचारावे लागत नाही ते आकड्यासाठी. हवेत सिग्नल सोडण्यासाठी भारतात अधिकारपत्र आणि स्पेक्ट्रम दोन्ही लागतात. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी नेटवर्कांच्या परवान्याची, सीएनपीएनची, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात प्रवेश शुल्क नव्हते, अर्जासाठी ५०,००० रुपये होते. स्पेक्ट्रम मोबाइल कंपनीकडून भाड्याने घेता येतो, नाहीतर नेटवर्कच तिच्याकडून उभारून घेता येते. कोड मिळाला म्हणजे परवाना मिळाला, असे कुठल्याही कागदात लिहिलेले नाही.

एनआयडीचा दावा बरेचसा खरा आहे. ५जीच्या रिलीज १६ पासून स्वतंत्र खासगी नेटवर्काची (एसएनपीएनची) ओळख पीएलएमएन आणि एनआयडी मिळून ठरते, म्हणून पीएलएमएन सगळ्यांचा ९९९ चा असला तरी भागते. एनआयडी ४४ बिटांचा, म्हणजे अकरा हेक्स अंकांचा. पहिला अंक तो कसा मिळाला ते सांगतो. तिथे १ असेल तर उरलेले दहा अंक तुम्ही स्वतः निवडलेले, आणि ते एकमेव असण्याची हमी नाही. ४० बिटांत सुमारे १.१ लाख कोटी शक्यता असतात, त्यामुळे खरोखर यादृच्छिक आकडा काढला तर टक्कर जवळजवळ होणार नाही. पण लोक ०००००००००१ लिहितात.

हमी हवी असेल तर पहिला अंक ० चा मार्ग आहे आणि तो फुकट आहे. आयएएनएकडे (इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडे) ऑनलाइन अर्ज भरून संस्थेसाठी पीईएन, म्हणजे खासगी उद्योग क्रमांक, घ्यायचा. तुमच्या कंपनीने एसएनएमपीसाठी (नेटवर्कवरच्या उपकरणांच्या देखरेखीसाठी) तो कधीच घेतलेला असण्याची शक्यता आहे, आधी यादीत शोधा. तो आकडा हेक्समध्ये बदलून डावीकडे शून्ये लावून आठ अंकी करायचा, पुढे दोन अंक स्वतःच्या नेटवर्कांसाठी. दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखलेला पीईएन ३२४७३ घेऊ; हेक्समध्ये तो ७ईडी९. मग पहिल्या नेटवर्काचा एनआयडी ०-००००७ईडी९-०१. लोक ३२४७३ तसाच दशमान लिहितात, आणि तो हेक्स म्हणून वाचला गेला की वेगळाच क्रमांक होतो. एका पीईएनखाली २५६ नेटवर्के बसतात, कुठल्याही उद्योगसमूहाला पुरतील एवढी. अडचण उपकरणांची आहे: मोडेम एसएनपीएन आणि एनआयडी वाचतो का, हे खरेदीआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या. वाचत नसेल तर वरची सगळी मेहनत त्याला दिसत नाही. ४जी उपकरणांना तर एनआयडी कळतच नाही.

राहिला ३१५-०१०. तो अमेरिकेतल्या सीबीआरएससाठीचा, म्हणजे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठीचा सामायिक कोड आहे. सगळे तोच प्रसारित करतात, म्हणून वेगळेपण पुढच्या अंकांत असते: कोडाचे सहा अंक, मग नेमून दिलेला चार अंकी आयबीएन (सिमांच्या गटाचा क्रमांक), मग पाच अंक तुमच्या सिमांसाठी, म्हणजे एका आयबीएनमध्ये एक लाख सिम. आयबीएन तिथली आयएमएसआय प्रशासन व्यवस्था देते, आणि नेटवर्काची ओळख म्हणून २७ बिटांचा सीबीआरएस-एनआयडी वेगळा घ्यावा लागतो. व्यवस्था चोख आहे, आणि तिथे काम करणाऱ्यांनी तीच वापरावी. पण ती अमेरिकेच्या पट्ट्याला आणि अमेरिकेच्या एमसीसीला बांधलेली आहे. चाकणमध्ये ३१५ प्रसारित करणे म्हणजे फ्रान्सचा २०८ प्रसारित करण्यासारखेच.

मागणीपत्र हातात असेल तर छपाईला जाण्याआधी त्यात या गोष्टी लिहिलेल्या आहेत का पाहा: एमसीसी-एमएनसी आणि एमएनसीची लांबी, आयएमएसआयचा पहिला व शेवटचा क्रमांक, प्रत्येक कार्डाची वेगळी चावी व ओपीसी (चावीसोबतचा दुसरा गुप्त आकडा) आणि त्या कूटबद्ध फाइलमधून मिळण्याची सोय, एडीएम चाव्यांची यादी कुणाकडे राहणार ते, आणि ५जीसाठी एनआयडी व तो कोणत्या पद्धतीने घेतला ते. टीएसी सिममध्ये जात नाही, तो टॉवर आणि कोअरच्या सेटिंगमध्ये आधीच ठरवून ठेवा.