दगडातून तेल निघत नाही? मग भांड्यात तरंगतंय ते काय?

सध्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शेल हा चिखलाचे थर दबून बनलेला खडक इतका घट्ट असतो की त्यातून तेल बाहेर पडूच शकत नाही, म्हणजे तेल जीवांपासून बनतं ही थाप, ते पृथ्वीच्या पोटात आपोआप तयार होतं आणि उपसलेल्या विहिरी पुन्हा भरतात.

शेल घट्ट असतो, हे कबूल. त्यातून पाणीसुद्धा धड झिरपत नाही. पण भूरसायनशास्त्रज्ञ मायकेल लेवन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत मांडलेली पद्धत बघा. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या शेलची खडी करायची, धातूच्या जाड भांड्यात पाण्यात बुडवायची, झाकण आवळायचं आणि ३३० अंश सेल्सिअसच्या आसपास तीन-चार दिवस ठेवायचं. शिट्टी नसलेला कुकरच म्हणा. गार झाल्यावर उघडलं की पाण्यावर तेल तरंगत असतं, पिपेटने उचलून घ्यावं असं. खडे मात्र खडेच राहतात.

होतं काय, तर शेलमधलं केरोजेन, म्हणजे जुन्या जीवांच्या अवशेषांचं घन सेंद्रिय द्रव्य, तापून आधी डांबरासारखं बिटुमेन होतं आणि खडकाच्या बारीक पोकळ्यांत भरतं. त्याचं पुढे तेल होताना आकारमान वाढतं. आत जागा नसते, दाब चढतो, थरांच्या दिशेने चिरा पडतात आणि तेल बाहेर ढकललं जातं. पाणी न घालता खडक तापवला, तर नैसर्गिक खनिज तेलात जवळपास नसणारी अल्कीन संयुगं भरपूर निघतात. पाण्यासह निघालेलं तेल खऱ्या तेलाच्या कितीतरी जवळचं असतं.

“लाखो वर्षांचं काम तीन दिवसांत?” हो, कारण जमिनीखाली तापमान साधारण ६० ते १५० अंश असतं, आच वाढवली की वेळ घटतो. भांड्यातल्या खड्यांवर किलोमीटरभर खडकाचं ओझं नसतं, ही मात्र खरी उणीव. त्यामुळे निसर्गात नेमकं किती टक्के तेल बाहेर पडतं यावर अभ्यासक भांडतात. पडतं की नाही, यावर नाही.

‘आपोआप’चं म्हणाल, तर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना १९३०च्या दशकातच खनिज तेलात हरितद्रव्याचे अवशेष, म्हणजे पॉर्फिरिन, सापडले होते.

राहिल्या भरणाऱ्या विहिरी. १९७४ साली सापडलेलं बॉम्बे हाय, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र, असं भरत असतं, तर ओएनजीसीने त्याच्या पुनर्विकासावर हजारो कोटी कशाला घातले असते?