पातं लांब म्हणून भिंतीजवळचा तोटा विसरायचा?

परीक्षा जवळ आली की आमच्या मेकॅनिकलच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. दर वर्षी तोच, टायपिंगच्या चुकांसकट. विमानाच्या इंजिनातल्या लो-प्रेशर टर्बाइनबद्दल, म्हणजे गरम वायूच्या झोतावर फिरणाऱ्या मागच्या पात्यांच्या चाकांबद्दल, त्यात तीन विधानं आहेत. पाती लांब असतात म्हणून भिंतीजवळचा तोटा (पात्याच्या मुळाशी आणि टोकाशी वायूची वाट अडवणाऱ्या भिंतींलगत वाया जाणारी ऊर्जा) विसरा. तो तोटा म्हणजे नुसतं घर्षण, भिंत पॉलिश केली की गेला. आणि पाती कमी केली की घासणारा पृष्ठभाग कमी, म्हणजे तोटाही कमीच. परवा एकाने विचारलं, "सर, पेपरात हेच लिहू का?" नको रे बाबा.

पहिल्यात अर्धं खरं आहे. या टर्बाइनची पाती रुंदीच्या ३ ते ७ पट उंच असतात आणि सगळ्यात मोठा तोटा पात्याच्या अंगावरच होतो. पण भिंतीजवळ प्रवाह बिघडतो तो पट्टा पात्याच्या रुंदीच्या हिशेबात असतो, उंचीच्या नाही. शेत कितीही लांब असलं तरी ट्रॅक्टर वळवायला दोन्ही धुऱ्यांना जागा तेवढीच सुटते, तसं. पातं लांब केलं की तोट्याचा वाटा घटतो, तोटा जागेवरच राहतो. आणि हीच टर्बाइन पुढचा पंखा फिरवते. मोठ्या प्रवासी विमानाचा बहुतांश रेटा त्या पंख्यातून येतो. तिथे थोडकाही तोटा इंधनाच्या बिलात दिसतो.

'नुसतं घर्षण' ही खरी गफलत. आमच्याकडे टर्बाइन म्हटलं की पोरांना परळीचं वीजकेंद्र आठवतं, पण हे समजायला गंगाखेडला जावं. उन्हाळ्यात गोदावरी आटली की वाळूतल्या पुलाच्या खांबाच्या बुडाशी खड्डा दिसतो. प्रवाह येतो त्या बाजूला खोल, दोन्ही अंगांनी मागे वळलेला, थेट घोड्याच्या नालेसारखा. तळालगतचं पाणी संथ, वरचं वेगात. खांबावर आदळल्यावर वर दाब जास्त होतो, पाणी खांबाच्या तोंडावरून खाली उतरतं, तळाशी गुंडाळलं जातं आणि भोवऱ्याचे दोन पाय खांबाला वळसा घालून जातात. पात्याच्या मुळाशी गरम वायूचं हेच होतं.

टर्बाइनमध्ये गोष्ट इथे थांबत नाही. एका पात्याच्या खोलगट बाजूला दाब जास्त, शेजारच्याच्या फुगीर बाजूला कमी. मधला वेगवान प्रवाह या दाबाला पुरून उरतो आणि पात्यांच्या वळणाने जातो. भिंतीलगतच्या संथ थरात तेवढा दम नसतो. तो आडवा ओढला जातो. चहा ढवळून थांबा: पत्ती कडेला न जाता बुडाशी मध्यभागी गोळा होते, कारण तळाचा संथ चहा तसाच आत ओढला जातो. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये नदीच्या वळणांबद्दल लिहिताना हेच उदाहरण घेतलं होतं. त्या घोड्याच्या नालेसारख्या भोवऱ्याचा एक पाय या आडव्या ओढीत शेजारच्या पात्याकडे सरकतो, फुगतो आणि भिंत सोडून पात्यावर चढतो. मग भिंतीजवळचा मंद वायू चांगल्या प्रवाहात घुसळला जातो, तोटा तिथे. भिंत आरशासारखी घासली तरी तिच्यालगत संथ थर राहणारच, आणि दाबातला फरक पॉलिशने हलत नाही.

तिसरं विधान तर उलटंच. वायू एकूण वळवायचा तेवढाच. पाती कमी केली की एकेकावरचा वायू वळवण्याचा भार वाढतो, दोन पात्यांमधला दाबाचा फरक वाढतो, भोवरा बळावतो. पाती कमी करतात ती वजन आणि खर्च वाचवायला.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने 'एल-टू-एफ' नावाचं असंच जास्त भाराचं पातं तयार केलं, भार पुढच्या भागावर घेणारं. उंचावरच्या विरळ हवेत प्रवाह अशा पात्यांचं अंग सोडून जाण्याची भीती असते; याने उंचीच्या मध्यभागी तो धरून ठेवला. भिंतीजवळ मात्र तोटा भारी निघाला. मग मधला आकार तसाच ठेवून फक्त भिंतीजवळचा बदलला, तिथे पातं कमी तिरकं बसवलं, आणि तोटा उतरला. पॉलिशपेपर कुणी हातात घेतला नव्हता.