नवा जीवाणू शोधताना घ्यावयाची काळजी

नवी प्रजाती शोधायला प्रतिभा लागते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. नवा वाघ शोधायचा तर जंगलं पालथी घालावी लागतील आणि शेवटी तो सापडणार नाही तो नाहीच. जीवाणूंच्या दुनियेत मात्र माल भरपूर आणि गिऱ्हाईक कमी. आजवर रीतसर नाव मिळालेल्या प्रजाती काही हजारांत मोजता येतात. नाव न मिळालेल्या सूक्ष्मजीवांचा अंदाज काही लाखांपासून सुरू होतो आणि 2016 साली दोन अमेरिकी संशोधकांनी तो थेट एक लाख कोटींपर्यंत नेऊन ठेवला. एवढ्यातली एक तुमच्या वाट्याला आली नाही, तर दोष नशिबाचा नव्हे, आळसाचा.

नमुना कुठून आणायचा, इथे घाई नको. घरामागच्या कुंडीत चमचा घालू नका. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना अजून कुणी हाकही मारलेली नाही, हे खरं आहे. पण ‘कोथरूडच्या कुंडीत नवा जीवाणू’ ही बातमी छापून आलीच, तर आतल्या पानावर नोटिसांच्या शेजारी येईल. पत्ता असा हवा की ऐकणाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार त्या दृष्टीने उत्तम. अशनीपाताने झालेलं विवर, खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी पाणी, शिवाय काठावर देवळं. इंडिबॅक्टर अल्कलीफिलस या 2010 साली जाहीर झालेल्या जीवाणूचं माहेर तेच.

लोणार जमत नसेल तर वर बघा. एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून एक फुगा सोडला गेला आणि त्याने 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून आणली. त्या हवेतून पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने मिळून तीन नव्या प्रजाती 2009 साली जगापुढे ठेवल्या: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. एक खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या नावाने, एक इस्रोच्या आणि एक साक्षात आर्यभटाच्या. काम चोख होतं, याबद्दल वाद नाही. मी फक्त तुमचं लक्ष उंचीकडे वेधतोय. पुढे 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या हवेच्या फिल्टरवर मिळालेल्या जीवाणूचं नाव सॉलिबॅसिलस कलामी ठेवण्यात आलं. फिल्टरमधली धूळ तुमच्याही एसीत असते, पण तुमचा एसी पृथ्वीभोवती फिरत नाही.

आता खाद्याची प्लेट ओता, तीवर नमुन्याच्या रेघा ओढा (याला स्ट्रीक म्हणतात), एका जीवाणूपासून वाढलेला ठिपका म्हणजे कॉलनी उचला आणि डीएनए वाचायला, म्हणजे सिक्वेन्सिंगला पाठवा. जीवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या 16 एस जनुकाचा क्रम परत आला की तो जवळच्या नातेवाइकाशी 98.7 टक्क्यांपेक्षा कमी जुळतो का ते बघा. पूर्वी हाच आकडा 97 होता, त्यामुळे तेव्हा पास न झालेल्या जुन्या कॉलन्यांचे रिपोर्टही एकदा चाळायला हरकत नाही. मग पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, घ्या. तिथे सरासरी साम्य साधारण 95-96 टक्क्यांखाली आलं की पेढे मागवा.

पेपर तपासणारा रिव्ह्यूअर विचारील की 95च का? त्याला घाबरू नका, उत्तर पाठ करून ठेवा. हा 95चा आकडा 70शी जुळवून ठरवला आहे. 70 टक्के हा दोन जीवाणूंचा डीएनए एकमेकांना किती चिकटतो याचा 1987 साली ठरलेला निकष. आणि तो 70 कसा ठरला? त्या आधी लोकांनी गुणधर्म पाहून ज्या प्रजाती वेगळ्या मानल्या होत्या, त्यांच्याशी जुळवून. म्हणजे शेवटी सगळं जुन्या जाणत्यांच्या मतावर येऊन थांबतं, फक्त मधे दशांश चिन्ह आलं.

हा नियम सर्वांना सारखा लागू होतो असंही समजू नका. नियमाप्रमाणे शिगेला ही सरळ एश्चेरिकिया कोलाय आहे. पण आमांशाच्या रोग्याला ‘तुमच्या आतड्यात नेहमीचाच जीवाणू आहे’ असं सांगायची डॉक्टरांची तयारी नाही, म्हणून शिगेलाचं घर वेगळं. प्लेगच्या जीवाणूचं तर त्याहून सरस. यर्सिनिया पेस्टिस हा जनुकांनी यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसचाच उपप्रकार, तेव्हा नावही तसंच द्यावं असं काहींनी 1980च्या सुमारास सुचवलं. 1985 साली नामकरणाच्या न्यायसमितीने ते नाव ‘धोकादायक’ म्हणून फेटाळलं. त्या लांबलचक नावाखाली प्लेग आहे हे एखाद्या प्रयोगशाळेत कुणाच्या लक्षातच आलं नाही तर काय घ्या! 1897 सालचं पुणं ज्यांना आठवतं, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. तात्पर्य एवढंच की तुमचा जीवाणू नियमात बसत नसेल, तर तो माणसं मारतो का ते आधी बघा. मारत असेल तर सूट मिळते.

किती नमुने घ्यायचे? एक. एकच कॉलनी, एकच स्ट्रेन, म्हणजे तिच्यापासून वाढवलेला एकच वंश. मोठ्या संख्येने नव्या प्रजातींची वर्णनं एकाच स्ट्रेनवर उभी आहेत आणि जुनी खोडं त्यावर कुरकुरत असतात. कुरकुरू द्या. पदवी हवी असलेल्या माणसाला दुसरा नमुना शोधत बसायला सवड नसते. मंगळावरच्या कुणी एकच माणूस उचलून नेला आणि लिहिलं की ‘पृथ्वीवरील मानवप्राणी: डावखुरा, पोटात अल्सर, रंग गव्हाळ, दूध पचत नाही’, तर त्यात खोटं काय आहे? त्या वर्णनाला फॅटी ॲसिडचा तक्ता आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो जोडा, पेपर झाला.

यानंतर नाव, आणि खरी मजा इथे. नाव लॅटिन हवं, निदान लॅटिनसारखं दिसणारं हवं. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नाही असा सभ्य संकेत आहे. म्हणून स्नेही ठेवा. तुम्ही त्यांचं द्या, ते यथावकाश तुमचं देतील. स्नेही नसतील तर साहेब आहेतच. साहेबांच्या बाबतीत आदर्श म्हणजे साल्मोनेला. 1885च्या सुमारास अमेरिकी पशुसंवर्धन खात्यात थिओबाल्ड स्मिथ नावाच्या तरुणाने डुकरांच्या कॉलऱ्यात हा जीवाणू वेगळा केला. खात्याचे प्रमुख होते डॅनियल साल्मन. 1900 साली जीनसचं, म्हणजे प्रजातींच्या घराण्याचं, नाव पडलं साल्मोनेला. स्मिथनेला असं काही झालं नाही. गंमत म्हणजे डुकरांचा तो रोग या जीवाणूने होतच नाही, तो विषाणूने होतो, हे पुढे कळलं. पण तोवर साहेब अमर झाले होते. तेव्हा शोध चुकला तरी चालेल, साहेब चुकता कामा नये.

गावाचं नाव द्यायचं असेल तर जरा जपून. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि जिथे सापडले त्या गावांची नावं त्यांना देण्याची रीत पडली. त्यात एक आहे साल्मोनेला पूना. होय, आपलंच. 2015 साली मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांतून या ‘पूना’ने अमेरिकेत नऊशेहून अधिक माणसं आजारी पाडली. पुणेकरांनी त्या काकड्या पाहिल्याही नव्हत्या. शहराने स्वतःचं स्पेलिंग कधीच सुधारून घेतलं, साल्मोनेला मात्र अजून पूनाच आहे. बहुधा कॅम्पात राहत असावा. वेल्समधल्या एका गावाचं नाव जगातल्या सर्वांत लांब नावांपैकी आहे. तिथल्या मातीतल्या मायक्झोकॉकसला 2020 साली संशोधकांनी ते अख्खं नाव शेपटीला ‘एन्सिस’ लावून बहाल केलं. ते मी इथे लिहिणार नाही. संपादकांशी माझे संबंध बरे आहेत.

लॅटिनची भीती वाटत असेल तर तीही आता नको. संगणकाला लॅटिन धातू देऊन दहा लाख तयार नावं काढण्याचा उद्योग काही विद्वानांनी आधीच करून ठेवला आहे. नाव आधी, जीवाणू मागाहून, असा उलटा व्यवहार या शास्त्रात आता बसू शकतो.

नावानंतर कोठार. तुमचा स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावा लागतो आणि तो मागेल त्याला मिळायला हवा. त्याच वेळी आपला 2002चा जैवविविधता कायदा देशाची जैविक संपत्ती अशी सहजी सीमेपार जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेला आहे. दोन्हीकडची कागदपत्रं एकाच टेबलावर ठेवून शांतपणे बघा. काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात, फाइलीचं मात्र असं काही ऐकिवात नाही.

एवढं करून नाव छापून आलं की हुरळून जाऊ नका, कारण लगेच बदल्या सुरू होतात. 2020 साली लॅक्टोबॅसिलसच्या अडीचशेहून अधिक प्रजाती 25 जीनसमध्ये वाटल्या गेल्या. नवी नावं देणाऱ्यांनी सगळी ‘एल’वरूनच ठेवण्याचं सौजन्य दाखवलं, त्यामुळे दह्याच्या डब्यावरचं पहिलं अक्षर तरी वाचलं. जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलला आधी पेप्टोक्लॉस्ट्रिडियम करण्याचं घाटत होतं. पण इस्पितळांतले लोक ‘सी डिफ’ म्हणायला सरावलेले, छापील अर्ज आणि पाट्या बदलण्याचा खर्च वेगळा. म्हणून 2016 साली क्लॉस्ट्रिडिऑइडिस हे नाव काढलं गेलं. उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षांत जे साधलं, त्यावर स्टेशनरीच्या खर्चाचा असाही प्रभाव पडतो.

आपल्या फुग्यातल्या मंडळींचं काय झालं? इस्रोनेन्सिस 2016 मध्ये बॅसिलसमधून सॉलिबॅसिलसमध्ये गेला आणि तिथे पुढच्याच वर्षी कलामींचा शेजारी झाला. हा योग कुणी जुळवून आणलेला नाही, तरी छान आहे. आर्यभटांचं प्रकरण मात्र अवघड. 2019 साली जीनोम तपासून कुणी म्हणालं की आर्यभट्टाई म्हणजे 1884 साली डी बारी यांनी वर्णन केलेला बॅसिलस मेगाटेरियमच. 41 किलोमीटरपर्यंत उडवलेला फुगा आणि 135 वर्षांपूर्वीचा जर्मन मुक्काम, एवढा प्रवास फुकट! पण 2020 मध्ये मेगाटेरियमला उचलून प्रिस्टिया नावाच्या नव्या जीनसमध्ये बसवलं, आणि त्याच कागदात प्रिस्टिया आर्यभट्टाई हे स्वतंत्र नावही आलं. म्हणजे आर्यभट गेले, आले, आणि येताना पत्ता बदलून आले.

तुमच्या प्रजातीवर अशी वेळ आली तर रडत बसू नका. ती शोधल्याचा एक पेपर होतो, दुसऱ्या जीनसमध्ये हलवल्याचा दुसरा, रद्द केल्याचा तिसरा आणि पुन्हा स्वतंत्र ठरवल्याचा चौथा. मधल्या दोन्हींसाठी जुना सिक्वेन्स पुरतो. चौथ्यासाठी ग्लिसरॉल स्टॉकची, म्हणजे गोठवलेल्या जिवंत जीवाणूंची, एक तरी नळी उणे ऐंशी अंशांत जपून ठेवा आणि तुमच्या लॅबच्या फ्रीझरला जनरेटरची लाइन खरोखर जोडली आहे का, ते स्वतः जाऊन बघा.